झोपेची वही

आपल्याकडे पाहुण्याला चहाबरोबर आणखी एक वस्तू हटकून मिळते, ती म्हणजे प्रकृतीबद्दलचा सल्ला. चहा नको म्हणण्याची सोय आहे, सल्ल्याला ती नाही. सकाळी कोमट पाण्यात मध घ्या, रात्रीचा भात बंद करा, डाव्या कुशीवर निजा, बोटे मोडू नका. गंमत अशी, की सल्ला देणाऱ्याने तो स्वतःवर चालवून पाहिलेला असतोच असे नाही, आणि घेणारा तर बहुधा जिना उतरेपर्यंत तो विसरलेला असतो. दोघांनाही बोलण्याचे सुख मिळते आणि विषय तिथेच संपतो.

बोटांवरून आठवले. कॅलिफोर्नियात डोनाल्ड अंगर नावाचे एक डॉक्टर होते. लहानपणी त्यांची आई आणि मावश्या-आत्या, पुढे लग्नानंतर सासूबाईसुद्धा, त्यांना एकच गोष्ट सांगत, की बोटे मोडू नकोस, सांधे धरतील. अंगरसाहेबांनी वाद घातला नाही. डाव्या हाताची बोटे दिवसातून निदान दोनदा मोडायची आणि उजव्या हाताची एकदाही मोडायची नाहीत, असा नेम त्यांनी धरला आणि तो पन्नास वर्षे पाळला! हिशेब केला तर डाव्या हाताची बोटे किमान ३६,५०० वेळा कडकडली. १९९८ साली त्यांनी संधिवाताच्या एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र पाठवून निकाल कळवला. दोन्ही हात सारखे, संधिवात कुठेच नाही. हसू आणणाऱ्या संशोधनासाठी ‘इग नोबेल’ नावाचे पारितोषिक असते, ते २००९ साली त्यांना मिळाले. लोक हसले. हसण्यासारखे आहेच. पण मला त्यात सगळ्यात आवडला तो त्यांचा उजवा हात. तो त्यांनी तुलनेसाठी बाजूला राखून ठेवला होता. तुमच्या-आमच्या प्रयोगांत हा उजवा हातच नसतो.

हे सांगण्याचे कारण असे, की यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरीही एक प्रयोग झाला. या सदराच्या जुन्या वाचकांना आमचे घर परके नाही. मी, सौ., मुलगा, सून आणि पाचवीतला नातू. गेले वर्षभर मला रात्री तीनच्या सुमारास जाग येई, आणि एकदा आली की पाच वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. डॉक्टरांनी रक्त तपासले, साखर पाहिली, थायरॉइड पाहिले, घोरतो का ते सौ.ला विचारले, आणि कुठेच काही सापडत नाही म्हटल्यावर झोपेच्या गोळीचे नाव काढले. ते ऐकताच सौ.चा चेहरा उतरला. आमचे थोरले दादा सात-आठ वर्षे रात्री तशी गोळी घेत असत. एका पहाटे गुंगीतच न्हाणीघराकडे निघाले, उंबऱ्याला अडखळले आणि खुब्याचे हाड मोडून बसले. त्यानंतर काठीशिवाय त्यांना चालता आले नाही, आणि पुढे दोन वर्षांत ते गेले. उतारवयात या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो हे डॉक्टरही जाणून होते. “तीन महिने थांबून पाहू का?” मी विचारले. “पाहा,” ते म्हणाले, “पण नुसते थांबू नका. लिहून ठेवा.”

थांबायचे ठरताच घरात आरोपींचा शोध सुरू झाला. सून म्हणाली, “बाबा, तुमचा चार वाजताचा चहा बंद करा, त्यानेच झोप जाते.” मुलाने अंथरुणात पडून मोबाईल पाहण्यावर बोट ठेवले. सौ. म्हणाली, “अहो, दुपारी दीड-दीड तास घोरल्यावर रात्री कशाला झोप येईल?” नातवाने भुताचे नाव सुचवले, ते आम्ही तूर्त राखून ठेवले.

तिन्ही गोष्टी एकाच दिवशी सोडून देणे हा सोपा मार्ग होता, आणि बहुतेक घरांत तोच होतो. पण मग गुण आला तरी कशाचा ते कळायचे नाही, आणि एखाद्या निरपराध चहाला जन्मठेप व्हायची. या पेचात आपल्याहून थोर माणसे सापडलेली आहेत. महात्मा गांधींच्या ‘सत्याच्या प्रयोगां’त दक्षिण आफ्रिकेतला एक प्रसंग आहे. (हे पुस्तकही मुळात १९२५ पासून ‘नवजीवन’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आले, म्हणजे एक प्रकारचे सदरच.) कस्तुरबांना रक्तस्रावाचे दुखणे होते. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितल्या. बा म्हणाल्या, तुम्हांला कोणी सांगितले तर तुमच्याने तरी या सुटतील का? झाले! गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडल्याचे जाहीर केले. बा हबकल्या. मी सोडते, पण तुम्ही तुमचे शब्द मागे घ्या, अशी विनवणी त्यांनी केली. ते काही झाले नाही. पुढे बांचे दुखणे उतरले. पण ते कशाने उतरले हे लिहिताना गांधीजी मोठ्या प्रांजळपणे म्हणतात, की अळणी जेवणाने, त्याबरोबर बदललेल्या इतर आहाराने, का त्या प्रसंगाने मनाला आलेल्या उभारीने, ते आपल्याला सांगता येत नाही. ज्या माणसाने जन्मभर आपल्या पोटावर प्रयोग केले, त्याने असे लिहावे याचे मला मोठे अप्रूप वाटते. मात्र अळणी आमटी खाणाऱ्या बांनी वही ठेवली असती तर तिच्यात काय लिहिले असते, हा विचारही मनात आल्यावाचून राहत नाही.

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी नातवाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर आम्ही चार रकाने आखले. चहा घेतला की नाही, दुपारी किती मिनिटे झोपलो, रात्री किती वाजता आडवा झालो, आणि तीनची जाग आली की नाही. पहिला आठवडा काहीही बदलायचे नाही, फक्त लिहायचे, असे ठरले. सांगायला सोपे, पण सर्वांत जड गेला तो हाच आठवडा. दुखणे डोळ्यांसमोर असताना हात बांधून बसायचे, हे आपल्या स्वभावात नाही. घरातल्या प्रत्येकाला काहीतरी उपाय चालू करण्याची घाई. पण मूळ हिशेबच नसेल तर पुढची जमाबाकी कशाशी ताडून पाहणार?

या कामातले आद्य चिटणीस म्हणजे इटलीतल्या पादुआचे सँटोरिओ. तिथल्या विद्यापीठात ते वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांनी छताला मोठा तराजू टांगून त्याला आपली खुर्ची अडकवली होती. तीत बसून ते जेवत, जेवणाआधी आणि नंतर स्वतःचे वजन करीत, खाल्लेले-प्यालेले तोलीत, आणि शरीराबाहेर पडलेलेही तोलीत. हे सुमारे तीस वर्षे चालले होते. १६१४ साली त्यांचे पुस्तक निघाले. दिवसात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यातले पाच पौंड डोळ्यांना न दिसता, कातडीवाटे आणि श्वासावाटे निघून जाते, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या घरच्या मंडळींनी जेवणाच्या वेळी हलणाऱ्या त्या खुर्चीकडे पाहून काय म्हटले असेल ते इतिहासाने लिहून ठेवलेले नाही.

आमच्या पहिल्या आठवड्याचा जमाखर्च असा, की सात रात्री आणि पाच वेळा जाग.

मग चहाची पाळी आली. सुनेची बाजू भक्कम होती. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यानेच झोपेची ओढ लागते. चहातले कॅफीन नेमके त्याच्याच जागा अडवून बसते, म्हणून तरतरी वाटते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी, कोणाला बरेच जास्त. २०१३ साली अमेरिकेत निजण्यापूर्वी सहा तास कॅफीन देऊन पाहिले, तेव्हा झोप तासाभराहून अधिक कमी झाली. तेव्हा सहाच्या आत चहा घेतला म्हणजे निभावले, असे म्हणायची सोय राहिली नाही. पण तिथे दिलेली मात्रा होती ४०० मिलिग्रॅम, आणि आपल्या एका कपात असते साधारण तीस-पन्नास. तो निकाल माझ्या कपाला लागू आहे का, हे तिथल्या प्रयोगशाळेने सांगायचे की आमच्या स्वयंपाकघराने?

पंधरा दिवस चार वाजता चहाऐवजी पातळ ताक घेतले. पंधरा रात्रींत सहा वेळा जाग. पुन्हा आठवडाभर चहा सुरू केला, तर सातांत चार. सुनेने वही सर्वांना दाखवली. मला मात्र एक शंका छळत होती. चहा सोडला आहे हे मला ठाऊक होते, आणि आता झोप यायलाच हवी या भरवशावरच मी पांघरूण ओढून घेत होतो. सुनेचा मोठेपणा असा, की तिनेच तोड काढली. कॅफीन काढलेला चहा बाजारात मिळतो. तिने एकसारखे दोन डबे आणले, एकात नेहमीचा आणि दुसऱ्यात तो. वीस चिठ्ठ्या केल्या, दहा एकीच्या आणि दहा दुसरीच्या. रोज एक काढायची, त्या डब्यातला चहा करायचा आणि चिठ्ठी आपल्या कपाटात ठेवून द्यायची. मला काही सांगायचे नाही. आले आणि दूध पडल्यावर चवीवरून मला एकही दिवस ओळख पटली नाही. (सौ.ला पटत असे, पण ती डोळे मिटून घोट घेई आणि गप्प बसे.) विसाव्या दिवशी चिठ्ठ्या बाहेर निघाल्या. नेहमीच्या चहाच्या दहा रात्रींत पाच वेळा जाग, दुसऱ्याच्या दहा रात्रींतही पाच. ताकाच्या दिवसांत जो फरक दिसला होता, त्यातला बराचसा माझ्या मनाचा होता की काय कोण जाणे. आणखी एक गोष्ट दिसली. डबा कोणताही असो, झोप पहिल्या आठवड्याहून बरीच होती. दुखणे शिगेला पोचते तेव्हाच आपण उपायाला लागतो, आणि शिगेला पोचलेली गोष्ट पुष्कळदा आपसूकही उतरते. गावोगावच्या औषधी काढ्यांची कीर्ती यावरच पोसलेली आहे.

मोबाईलचे लवकर आटोपतो. रात्री नऊला तो बाहेरच्या खोलीत ठेवून दिला. पंधरा रात्रींत आठ वेळा जाग. फरक दिसला तो एवढाच, की तीन वाजता उठल्यावर वेळ कसा घालवावा ते कळेना. पुढे गणपतीचे पाच दिवस आम्ही हिशेबातून वगळले. आरत्या, पाहुणे, मोदक आणि जागरणे यांतून जो निष्कर्ष निघेल त्याला प्रत्यक्ष गजाननही मान्यता देणार नाही.

राहिली दुपारची झोप. ती सोडायची नाही, आखडायची, असे ठरले. जेवणानंतर वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि तो वाजला की उठायचे. पहिले चार दिवस गजराबद्दल माझ्या मनात जे विचार आले ते या अंकात छापण्याजोगे नाहीत. पण वहीने पंधरा रात्रींत तीनच वेळा जाग दाखवली. मग उजव्या हाताची आठवण ठेवून गजर आठवडाभर बंद केला आणि मनसोक्त दीड तास झोपलो, तर सात रात्रींत पाच! पुन्हा पंधरा दिवस गजर लावला, तर दोन. दहा-पंधरा रात्रींचे आकडे म्हणजे काही शिलालेख नव्हे. पण सुरू केले की एक, थांबवले की दुसरे, पुन्हा सुरू केले की पहिलेच, असे झाले म्हणजे योगायोगाला फारशी जागा उरत नाही. कारणही उघड आहे. सकाळपासून साचलेली झोपेची भूक दुपारी दीड तासात बरीचशी भागली, तर रात्रीचे पान अर्धवट टाकून उठणारच. चार वाजता वाटीभर चिवडा खाल्लेल्या पोराचे रात्रीच्या जेवणाला जे होते, तेच.

निकाल सौ.च्या बाजूने लागला. ती काही बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी चार वाजता आल्याचा चहा नेहमीपेक्षा मोठ्या कपात आला. नवरात्राच्या तोंडाशी मी वही डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्यांनी ती उलटसुलट चाळली, चिठ्ठ्यांच्या पानापाशी थांबले, आणि गोळीचा विषय पुन्हा काढला नाही.

ही हकीकत कळताच शेजारच्या बिऱ्हाडातले नाना गजर मागायला आले. मी त्यांना दिला नाही. नाना दुपारी दोन तास झोपतात आणि रात्री नऊला दिवा मालवून पहाटे पाचलाच उठतात. त्यांच्या झोपेने कोणाचे काय बिघडवले आहे? १९३८ साली शिकागोचे झोपेचे शास्त्रज्ञ नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचे तरुण विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन हे दोघे केंटकीमधल्या मॅमथ गुहेत बत्तीस दिवस राहिले. तिथे ऊन नाही, घड्याळाचे टोल नाहीत. चोवीस तासांऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस शरीर मानते का, एवढेच पाहायचे होते. रिचर्डसनच्या शरीराने तो मानला. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनसाहेबांच्या शरीराने शेवटपर्यंत आपला चोवीस तासांचा हट्ट सोडला नाही. एकच गुहा, एकच अंधार, एकच महिना, आणि उत्तरे दोन. माझी वही नानांच्या उपयोगाची नाही ती यासाठी. त्यांना हवी असेल तर कोरी वही देतो.

वही कशाला चालते आणि कशाला चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. बर्कलीच्या विद्यापीठात सेथ रॉबर्ट्स नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनाही पहाटे फार लवकर जाग येई. वर्षानुवर्षे नोंदी ठेवून त्यांना असे आढळले, की सकाळची न्याहारी सोडली की आपली ही जाग कमी होते. २००४ साली त्यांनी स्वतःवरच्या अशा अनेक प्रयोगांचा लेख प्रसिद्ध केला. पुढे लोणी खाल्ले की आपण गणिते अधिक झपाट्याने सोडवतो असे त्यांच्या नोंदींत दिसले, आणि ते रोज साठेक ग्रॅम लोणी खाऊ लागले. २०१४ साली टेकडीवर फिरायला गेले असता साठाव्या वर्षी ते कोसळले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार होता. लोण्यानेच गेले, असे म्हणणे त्यांच्याच शिस्तीत बसणार नाही. एकाच्या मरणावरून काही सिद्ध होत नाही, जसे एकाच्या बरे होण्यावरूनही होत नाही. पण झोप, आम्लपित्त, डोकेदुखी, अंगाची खाज या गोष्टी आठ-पंधरा दिवसांत जाब देतात. रक्तवाहिनी तीस वर्षे काहीच बोलत नाही आणि मग एकदाच बोलते. तिच्यासाठी आपल्या चार रकान्यांच्या वहीत जागा नाही. तिथे हजारो माणसांवर केलेल्या पाहण्या हव्यात आणि डॉक्टर हवा. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी पंधरा दिवस बंद करून पाहू, असे ज्यांच्या मनात हे वाचताना आले असेल, त्यांनी तो बेत इथल्या इथे सोडावा.

आता मला जे खरे सांगायचे होते ते सांगतो. दुपारची झोप मला अतिशय प्रिय आहे. ती जन्मभरासाठी आखडती घ्या, असे डॉक्टरांनी, सौ.ने किंवा ब्रह्मदेवाने सांगितले असते, तरी चौथ्या दिवशी गजर उशीखाली गेला असता. पण ‘पंधरा दिवस पाहू’ या तीन शब्दांना मन फसते. पंधराव्या दिवशी सुटका आहे हे ठाऊक असते, म्हणून चौदावा दिवस निभतो. आमच्या आजीला हे कोणी शिकवले नव्हते. आषाढी एकादशीला ती कांदा, लसूण आणि वांगी सोडी, आणि कार्तिकीनंतर समारंभाने भरीत करी. आजोबांचा मार्ग वेगळा. काशीला जाऊन आवडीची वस्तू कायमची सोडतात, म्हणून तेही सोडून आले, पण दुधी भोपळा. घरात कोणीच आश्चर्य केले नाही. कायमचे सोडायचे म्हटले की माणूस दुधी भोपळाच सोडतो. आजीकडे मुदत होती, फक्त वही नव्हती. चार महिन्यांत कांद्यावाचून तिचे पित्त कमी झाले की वाढले, हे ती पुण्याच्या खात्यात बघत होती, पित्ताच्या नव्हे.

दुसरे असे, की नेम मोडला की माणूस स्वतःला अपराधी समजून सगळेच सोडून देतो. वहीत तसे नसते. एके दिवशी पाहुणे आले आणि दीड तास झोप झाली, तर ‘नव्वद मिनिटे’ एवढे लिहायचे. त्या रात्री तीनला जाग आली तर तेही लिहायचे. वही रागावत नाही. तिला दोन्ही प्रकारचे दिवस सारखेच उपयोगी पडतात.

वहीची चटक आता घराला लागली आहे. सौ.ने मागची आठ पाने आपल्या गुडघ्यासाठी राखून ठेवली आहेत. जिना आणि दुखणे यांचा काय संबंध आहे ते तिला पाहायचे आहे. माझा सल्ला तिने मागितलेला नाही. नातू परीक्षेच्या आदल्या रात्री लवकर झोपल्यास गुण वाढतात का याचा प्रयोग करणार आहे, आणि त्यासाठी अभ्यास तूर्त बंद ठेवावा असे त्याचे म्हणणे आहे. सध्या वाद आहे तो दिवाळीचा. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत वही बंद ठेवावी, असा ठराव मुलाने मांडला आहे. सून म्हणते, चकल्या, करंज्या आणि पहाटेची अभ्यंगस्नाने यांच्या दिवसांतच तर लिहिले पाहिजे, इतर दिवसांत काय, कोणीही लिहील. मी अजून मत दिलेले नाही. अनारसे कोणत्या दिवशी तळायला घेणार, ते सौ.ला एकदा विचारून घ्यायचे आहे.